बोरमाळच्या खिंडीतली थंड हवा

बोरमाळ या गावात पाणीटंचाई नाही, असा निर्वाळा १९७३च्या उन्हाळ्यात तालुक्याच्या टंचाई शाखेने तीन वेळा दिला, आणि तिन्ही वेळा त्याचं कारण जीपचं इंजिन हे होतं.

टंचाईची पाहणी नमुना सात-अ मध्ये करायची असते. या नमुन्याला बारा रकाने आहेत. पहिला रकाना असा : 'पाहणी अधिकाऱ्याचे वाहन गावठाणात पोहोचले तेव्हाचा किलोमीटरचा आकडा.' आकडा नसला तर पुढचे अकरा रकाने भरता येत नाहीत. बोरमाळ म्हसोबाच्या खिंडीच्या वर वसलेलं आहे आणि खिंडीचा चढ दीड किलोमीटरचा. शाखेची जीप दर वेळी निम्म्या चढावर, म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी, धापा टाकून बंद पडायची. पाहणी अधिकारी मुळे साहेब खाली उतरायचे, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वरच्या गावाकडे दोन मिनिटं पाहायचे आणि परत जाऊन लिहायचे : 'वाहन गावापर्यंत पोहोचू शकले नाही. सबब टंचाई आढळून आली नाही.'

"साहेब, हितनं पायी पंधरा मिन्टं," जीपचा ड्रायव्हर गहिनीनाथ दुसऱ्या खेपेला म्हणाला होता.

"पायी गेलो तर रकान्यात काय लिहू, गहिनीनाथ? चपलेचा नंबर?"

साहेब वाईट माणूस नव्हते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना खोटा भरला नव्हता.

गहिनीनाथची अडचण अशी होती की त्याची थोरली बहीण कडूबाई बोरमाळलाच दिली होती. तिच्या घरची विहीर दिवाळीलाच तळाला गेलेली. खिंडीखालच्या ओढ्यात एक झिरा होता. वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढायचा, अशा तिच्या रोज चार खेपा. बोरमाळच्या सगळ्याच बायकांच्या होत्या. तिसऱ्या पाहणीला जीप म्हसोबापाशी बॉनेट उघडून उभी असताना कडूबाई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन शेजारून गेली.

"का रं गहिन्या, थकली व्हय तुझी गाडी?"

"दम लागतोय तिला, आक्का."

"आन मला लागत न्हाई?" ती न थांबता म्हणाली. "तुझ्या सायबाला म्हनावं, बस माझ्या हंड्यावर. वर न्हेऊन घालते."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नमुन्यात 'वाहन' या शब्दाची व्याख्या दिलेली होती आणि तिच्यात कडूबाई बसत नव्हती.

त्या दिवशी गहिनीनाथने बॉनेटखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. मग तो बराच वेळ तिथेच पाहत उभा राहिला. रेडिएटरमधून येणारी तापलेली हवा बॉनेटखाली कोंडत होती आणि इंजिन श्वासाला तीच हवा परत ओढत होतं. गोधडीत तोंड खुपसून डोंगर चढायला लावलं तर माणूसही म्हसोबापाशीच बसेल. इंजिनाला बाहेरची हवा मिळाली पाहिजे. त्यासाठी एअर क्लीनरच्या तोंडापासून गाडीच्या बाहेरपर्यंत एक नळी हवी, एवढंच.

नळीची निवड करण्यात आठवडा गेला. सायकलची ट्यूब लावली, तर इंजिनाने पहिलाच श्वास घेताच ती चपटी होऊन चिकटली. कणग्या बनवणाऱ्या टिनवाल्याकडून पत्र्याचं नळकांडं करून घेतलं, ते काष्टीच्या बाजारापर्यंत टिकलं आणि तिथे एका बैलाच्या अंगावर पडलं. शेवटी तो बहिणीच्या घरी गेला असताना कोरड्या विहिरीवर लोंबणारी मोट त्याला दिसली. मोटेला खाली चामड्याची सोंड असते. पाणी तिच्यातूनच विहिरीकाठच्या थारोळ्यात ओततात. सोंड सहा फूट लांब होती, आणि दिवाळीपासून तिला काही काम नव्हतं.

"न्हे," कडूबाई म्हणाली. "पान्याला उपेगी न्हाई, वाऱ्याला तरी पडू दे."

मोटा शिवणाऱ्या भीमाने सोंड कापून तिच्या आत तारेची कडी बसवली, म्हणजे ती श्वासाला चपटी होऊ नये. दुसरं टोक बाहेर काढायला सरकारी पत्रा कापावा लागला नाही. जीपचा डावा दिवा चार वर्षांपूर्वी फुटला होता आणि नवा बसवण्याचा प्रस्ताव नगरला विचाराधीन होता. त्या रिकाम्या खोबणीतून सोंड बरोबर बाहेर आली. धूळ जाऊ नये म्हणून गहिनीनाथने तिच्या तोंडाला आपल्या जुन्या धोतराचा तुकडा बांधला. मग चाकात हवा भरून आणतो असं सांगून तो जीप खिंडीत घेऊन गेला. म्हसोबा मागे पडला. गाडी शेवटच्या वळणापर्यंत एका दमात चढली. तिथून त्याने ती वळवली, कारण साहेबांशिवाय गावठाणात शिरणं म्हणजे आकडा वाया घालवणं.

तो शीळ घालत कचेरीच्या आवारात शिरला, तेव्हा दारात मुख्य लिपिक शामकांत उभे होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"हे काय आहे?"

"सोंड हाय, भाऊसाहेब."

"कशाची?"

"मोटेची."

"म्हणजे शेती अवजार. शासकीय मोटार वाहनाला शेती अवजार जोडलंस. कोणाच्या आदेशाने?"

"पर गाडी चढती आता, भाऊसाहेब. वरपत्तोर."

"चढते हे तोंडी झालं. कागदावर ती चढत नाही. तीन अहवाल आहेत, तिन्हींवर साहेबांची सही आहे." भाऊसाहेबांनी वाकून सोंडेच्या तोंडाशी तळहात धरला. "आणि हिच्यातून काय जातं?"

"थंड हवा."

"एप्रिल महिन्यात बाहेरची हवा थंड आहे, असं विधान तू लेखी देशील?"

बॉनेटखालच्या हवेपेक्षा बाहेरची हवा थंड, एवढंच गहिनीनाथला म्हणायचं होतं. पण 'पेक्षा' या शब्दाला नमुन्यात जागा नव्हती. हवा एक तर थंड असते किंवा नसते.

प्रकरण साहेबांपुढे गेलं. साहेबांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता आणि एक शिपाई त्याच्यावर तासातासाला तांब्याने पाणी मारत असे. खोलीत सुगंधी गारवा होता. साहेबांना सोंड आवडली. गाडी चढली तर त्यांनाही बोरमाळचे अकरा रकाने भरायचेच होते. पण त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि भाऊसाहेबांनी टिपणी पुढे सरकवली : 'विषय : शासकीय वाहनास सोंड बसविल्याबाबत.' टिपणीचा निष्कर्ष असा होता की सोंड ही थंड हवेसाठी असल्याने हवा थंड असल्याची खात्री झाल्याखेरीज सोंडेस मान्यता देता येणार नाही, आणि शासनाच्या दृष्टीने थंड हवा म्हणजे या दालनात खिडकीवाटे येते ती.

"मग सोंडेच्या तोंडाला पण वाळ्याचा पडदा लावू," साहेब सहज म्हणाले.

"तसाच आदेश काढतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि काढला.

इथून पुढे सगळं रीतसर झालं. सोंडेपुढे लाकडी चौकटीत वाळ्याचा पडदा बसला. पडदा कोरडा राहिला तर हवा थंड होणार नाही, म्हणून तो सतत ओला ठेवणं आलं. जीपमध्ये साहेब, भाऊसाहेब, दप्तर आणि पडदा भिजवणारा शिपाई बसल्यावर पाण्याच्या पिंपाला जागा उरेना. सबब 'चाचणीकामी' एक टँकर जीपच्या मागे देण्यात आला. तालुक्यात टँकर तीनच होते. त्यातला एक आता हवेच्या मागे लागला. त्याचा ड्रायव्हर श्रीमंत हा मिरजगावचा, फारसं न बोलणारा माणूस. आदेश त्याने दोनदा वाचला आणि गहिनीनाथला एवढंच विचारलं, "गाडी प्यायला मागती, का न्हायला?"

हवेचं तापमान मोजायला थर्मामीटर लागणार होता. तो सरकारी दवाखान्यातून आणला; ताप मोजायचा, काचेचा. देताना नर्स अंबिकाबाई गहिनीनाथला म्हणाल्या, "एकदा वर गेला की पारा आपोआप खाली येत नाही बरं का. दर वेळी झटकायचा." गहिनीनाथने हे जसंच्या तसं भाऊसाहेबांना सांगितलं.

"झटकायचा? दुसऱ्या खात्याची काचेची वस्तू?" भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे आदेशात कलम वाढवलं : 'तापमापकास कोणत्याही प्रकारे झटका देऊ नये.'

चौथी पाहणी एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी निघाली. पुढे सोंड लावलेली जीप, सोंडेपुढे ठिबकणारा पडदा, मागे टँकर. जीप म्हसोबापाशी थांबली नाही. साहेब नकळत खुर्चीत बसल्यासारखे ताठ झाले. गाडी गावठाणात शिरली, गहिनीनाथने आकडा वाचला, साहेबांनी तो पहिल्या रकान्यात लिहिला, आणि आयुष्यात प्रथमच गहिनीनाथला शाईचा वास आवडला.

तोवर टँकर पाहून अख्खं गाव हंडे घेऊन धावत आलं होतं. सर्वांत पुढे कडूबाई, तिच्या मागे काठी टेकत म्हातारी दगडाबाई.

"मागं व्हा, मागं व्हा," भाऊसाहेब म्हणाले. "हे पाणी पिण्याचं नाही."

"खारं हाय व्हय?" दगडाबाईने विचारलं.

"हवेचं आहे."

दगडाबाईने वर आभाळाकडे पाहिलं, मग टँकरकडे पाहिलं, आणि या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही असं ठरवून ती सावलीला बसली.

साहेब रकाने भरत चालले होते. विहिरी किती, कोरड्या किती, जनावरं किती. सगळं खरं, सगळं टंचाईच्या बाजूचं. गहिनीनाथ त्यांच्या खांद्यावरून पाहत होता. अकराव्या रकान्यापाशी साहेबांचा टाक थांबला. रकाना असा होता : 'पाहणीच्या वेळी गावात पाण्याचा टँकर उभा होता काय?'

साहेबांनी मान वर केली. टँकर उभा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. तरीही उभा होता.

"साहेब, त्यो तर गाडीच्या हवेचा हाय!" गहिनीनाथ म्हणाला.

"रकान्यात 'कशाचा' असं विचारलेलं नाही," साहेब खिन्नपणे म्हणाले. त्यांनी 'होय' लिहिलं. बाराव्या रकान्यात निष्कर्ष आपोआप आला : 'गावास टँकर पोहोचत आहे. सबब टंचाई नाही.'

कडूबाईने भावाकडे पाहिलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "गहिन्या," ती म्हणाली, "गाडी वर येत न्हवती तवर आमाला येक आशा तरी हुती."

आता उरली होती चाचणी. भाऊसाहेबांनी थर्मामीटर आधी बॉनेटखालच्या हवेत धरला. पारा धावत जाऊन एकशे दहाच्या शेवटच्या रेघेवर बसला. मग तोच थर्मामीटर त्यांनी ओल्या पडद्यामागे, सोंडेच्या तोंडाशी धरला. पाच मिनिटं झाली. पडद्यातून येणारा वारा इतका गार होता की शिपायाने टोपी काढून डोकं तिथे आणलं. पारा एकशे दहावरच.

"हवा थंड नाही," भाऊसाहेबांनी नोंद केली. "चाचणी याच ठिकाणी, याच वेळी, हवा थंड होईपर्यंत रोज घेण्यात यावी."

गहिनीनाथने तोंड उघडलं. पारा झटकायचा राहिलाय, एवढेच तीन शब्द होते. तेवढ्यात त्याची नजर पडद्याखाली गेली. श्रीमंतने टँकरचा नळ जरा जास्तच सोडला होता, आणि चौकटीखाली जमिनीवर पाण्याची धार लागली होती. त्या धारेखाली दगडाबाईने, कुणाला न विचारता, आपला गडू ठेवला होता.

गहिनीनाथने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब आणि भाऊसाहेब आले नाहीत; नोंदी घेण्याचं काम ड्रायव्हरवर सोपवलं गेलं. गहिनीनाथ रोज सकाळी नऊला जीप घेऊन बोरमाळच्या चावडीपुढे उभा राहू लागला. मागे श्रीमंत. पडदा भिजवण्याचा आदेश होता. पडदा केवढा असावा हे आदेशात नव्हतं. चौथ्या दिवशी तो दाराएवढा झाला, आठव्या दिवशी बैलगाडीएवढा. पडद्यावर पडेपर्यंत पाणी चाचणीचं होतं. पडद्यातून खाली पडलं की ती गळती, आणि गळतीबद्दल कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता. खाली हंड्यांची रांग लागायची. वरून श्रीमंत नळ सोडायचा, पाणी वाळ्यातून झिरपून हंड्यात उतरायचं, टँकर रिकामा झाला की गहिनीनाथ वहीत लिहायचा : 'पारा ११०. हवा थंड नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं. मुळे साहेबांच्या हाताखाली त्याची नऊ वर्षं गेली होती.

"लग्नात सुदीक असं वासाचं पानी प्यालो न्हवतो," दगडाबाई म्हणाली. "सायबाची हवा कवा गार व्हायची रं?"

"इतक्यात न्हाई, आजी. लई तापलीय."

"तापू दे, बाबा. म्हसोबा तिचा ताप टिकवू दे."

कडूबाईच्या खेपा बंद झाल्या. एक दिवस तिने भावाला चहा पाजला, तोही पुरा कपभर. एकोणीस दिवस असे गेले.

विसाव्या दिवशी सकाळी गहिनीनाथ स्टँडवरच्या हॉटेलात पावचटणी खात असताना गल्ल्यावरचे काकासाहेब पेपरातलं पत्र मोठ्याने वाचत होते. काकासाहेबांचा रिवाज होता. बातम्या गिऱ्हाइकांनी वाचायच्या, पत्रव्यवहार त्यांनी. पत्राला मथळा होता : 'जीपची आंघोळ कोणाच्या पाण्याने?'

"'महाशय,'" काकासाहेब वाचू लागले, "'जिल्हा पाण्यावाचून तडफडत असताना परवा एस.टी.तून खिंडीखालच्या रस्त्याने जाताना मी दुरून एक संतापजनक दृश्य पाहिले. एका शासकीय जीपपुढे वाळ्याचा भला मोठा पडदा उभारून त्यावर टँकरभर पाणी ओतले जात होते. चौकशीअंती समजले, की हे इंजिनास गार हवा मिळावी म्हणून! माणसे तहानलेली आणि गाडीला वाळा! या उधळपट्टीस जबाबदार कोण? आपला, एक जागरूक वाचक.'"

हॉटेलात सगळे एकदम बोलू लागले.

"बरोबर लिहिलंय गड्यानं!"

"अशी मान्सं हायेत म्हनून देश चाललाय."

"ह्या जीपवाल्यांना उलटं टांगलं पायजे," शेजारचा गुळाचा व्यापारी गहिनीनाथकडे वळून म्हणाला. "काय, पाव्हनं?"

गहिनीनाथच्या तोंडात पाव होता. त्याने मान हलवली. पत्रात चूक काढायला जागाच नव्हती. त्यालाही ते पटलं होतं.

बोरमाळची टंचाई ठरवायला शाखेला चार पाहण्या आणि तीन महिने लागले होते. या पत्रावर कारवाई व्हायला चार तास लागले. नगरहून साहेबांना दूरध्वनी आला, साहेबांनी भाऊसाहेबांना बोलावलं, भाऊसाहेबांनी दवाखान्याकडून तज्ज्ञ मागवला आणि अंबिकाबाई साहेब-भाऊसाहेबांबरोबर जीपमधून खिंड चढून आल्या. हंड्यांची रांग लागलेलीच होती. अंबिकाबाईंनी थर्मामीटर हातात घेतला, कुणाची परवानगी न घेता दोनदा झटकला आणि सोंडेच्या तोंडाशी धरला.

"सत्त्याण्णव," त्या म्हणाल्या.

"हवा थंड आहे," भाऊसाहेबांनी नोंद केली. "चाचणी यशस्वी. सोंडेस मान्यता. टँकर तात्काळ मुक्त."

"साहेब," गहिनीनाथ मुळे साहेबांपुढे गेला. "आता गाडी टँकरबिगर वर येती. पुन्यांदा पाहणी करू. अकराव्या रकान्यात 'न्हाई' येईल."

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी वही उघडली, बोटाने मोजलं आणि हळूच मिटली.

"टंचाई नसलेल्या या गावात आतापर्यंत वीस टँकर आले आहेत," ते म्हणाले. "टंचाई असलेल्या गावालासुद्धा हंगामात बाराच्या वर देता येत नाहीत. बोरमाळकडे आठ टँकर जादा गेले. पुढच्या वर्षीच्या वाट्यातून वळते करावे लागतील."

जागरूक वाचकाचे आभार मानणारं पत्र त्याच दिवशी पेपराला रवाना झालं. वाळ्याचा मोठा पडदा कचेरीत जमा झाला आणि साहेबांच्या दुसऱ्या खिडकीला बरोबर बसला. श्रीमंत टँकर घेऊन निघाला, तेव्हा त्याने नळाखालच्या घमेल्यात उरलेलं पाणी दगडाबाईच्या गडूत ओतलं आणि पहिल्यांदाच आपणहून बोलला, "आजी, आज वास न्हाई त्याला."

कडूबाईने रिकामा हंडा डोक्यावर घेतला. गहिनीनाथ तिच्याबरोबर वळणापर्यंत चालत गेला. जीप मागे चावडीपुढे सोंड लोंबकळत उभी होती. आता ती कुठलाही चढ चढू शकत होती.

"कोन हाय रं त्यो?" कडूबाईने विचारलं. "पत्र लिवनारा?"

"नाव न्हाई दिलं. वाचक हाय."

"म्हंजी काय करतो?"

"वाचतो. आपल्यासारख्यांचं काय काय छापून येतं, ते सगळं वाचतो. लई वाईट वाटतं त्याला."

"आन मंग?"

गहिनीनाथने जरा विचार केला. खिंडीतून वारा वर येत होता, चांगला गार.

"मंग काय," तो म्हणाला, "वाचून झालं की घडी घालून बाजूला ठिवतो."